सोया लेसिथिन : अन्न किती, औषध किती?

आर्नहेमच्या बाजारपेठेत, केटेलस्ट्रात आणि आसपासच्या गल्ल्यांत, आपोटेकपेक्षा ड्रोगिस्टची दुकाने जास्त. आपोटेक म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी दाखवून औषध घ्यायचे ठिकाण. ड्रोगिस्टकडे मात्र साबण-शांपूच्या शेजारीच जीवनसत्त्वांच्या, माशाच्या तेलाच्या आणि नाना तऱ्हेच्या अर्कांच्या बाटल्या मांडलेल्या असतात आणि त्या कोणीही, कोणालाही न विचारता, घेऊ शकतो. याच फळीवर बहुधा एक डबा दिसतो. आत फिकट पिवळे, रव्यापेक्षा थोडे जाड दाणे. शेजारी त्याच पदार्थाच्या बोटाच्या पेराएवढ्या कॅप्सूल. नाव, सोया लेसिथिन.

आपल्या मराठी मंडळींना या डब्याचे आकर्षण वाटावे यात नवल नाही. वस्तू सोयाबीनची, म्हणजे वनस्पतीजन्य. ‘औषध नव्हे, अन्नच आहे’ असे म्हणता येते. कोलेस्टेरॉल उतरते, स्मरणशक्ती सुधारते, यकृत स्वच्छ होते, वजनही घटते, अशी त्याची ख्याती कानावर आलेली असते. तीन महिन्यांच्या मुक्कामाला आलेले आई-वडील परत निघाले की त्यांच्या बॅगेत चीज आणि चॉकलेटबरोबर असा एखादा डबाही जातो. एवढ्यावर थांबले तर बिघडत काही नाही. प्रश्न उभा राहतो तो ‘आता हे चालू केलंय, तर त्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या बंद केल्या तर चालतील का?’ असे कोणी विचारते तेव्हा. किंवा, त्याहून वाईट म्हणजे, न विचारताच बंद करते तेव्हा. म्हणून या पदार्थाची ओळख नीट करून घेऊ.

नाव आले अंड्यातून

लेसिथिनचा पहिला शोध सोयाबीनमध्ये लागला नाही. पॅरिसमधील औषधशास्त्रज्ञ तेओदोर गोब्ले यांनी १८४६ च्या सुमारास अंड्याच्या बलकातून फॉस्फरसयुक्त असा एक स्निग्ध पदार्थ वेगळा केला. ग्रीक भाषेत बलकाला ‘लेकिथोस’ म्हणतात, त्यावरून १८५० मध्ये त्यांनी त्याला लेसिथिन हे नाव दिले. पुढे कळले की हा पदार्थ केवळ अंड्यातच नाही. प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या पेशींची आवरणे ज्या स्निग्ध द्रव्यांची बनलेली असतात, त्यांतलेच हे एक आहे. या द्रव्यांना फॉस्फोलिपिड म्हणतात. शास्त्रज्ञ काटेकोरपणे बोलतात तेव्हा लेसिथिन म्हणजे त्यांतले एकच, फॉस्फॅटिडिलकोलीन. व्यापारात मात्र तीन-चार फॉस्फोलिपिडांच्या मिश्रणाला लेसिथिन म्हणण्याचा प्रघात आहे. हा फरक लक्षात ठेवावा, कारण डब्यावरच्या आकड्यांचा घोळ इथूनच सुरू होतो.

या रेणूचा स्वभाव दोन्ही दरडींवर पाय ठेवण्याचा आहे. त्याचे डोके पाण्यात रमते, शेपट्या तेलात. त्यामुळे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे तेल आणि पाणी याच्या मध्यस्थीने एकत्र नांदतात. बलक घातला की मेयोनेज फुटत नाही, ते यामुळेच. मार्गारिनच्या धंद्यालाही हा गुण उपयोगी पडला. आर्नहेमहून फार लांब नसलेल्या ऑस या गावी युर्गेन्स घराण्याने १८७१ मध्ये मार्गारिनचा कारखाना काढला. या नकली लोण्याची एक खोड होती. तव्यावर टाकले की त्यातले पाणी तडतडून उडे. आधी बलक आणि पुढे सोया लेसिथिन मिसळू लागल्यावर ही खोड गेली. चॉकलेटमध्येही ते जेमतेम अर्धा टक्का घातले तरी वितळलेले चॉकलेट सहज वाहते आणि महागडे कोको बटर वाचते.

लातूरपासून हाखेलस्लाखपर्यंत

अंड्यातून लेसिथिन काढणे महाग पडते. सोयाबीनमुळे ते स्वस्त झाले, आणि तेही जवळजवळ नाइलाजाने. कच्च्या सोया तेलात दीड ते तीन टक्के फॉस्फोलिपिड असतात. ती तशीच राहू दिली तर तेल गढूळ होते आणि पिंपाच्या तळाशी चिकट गाळ बसतो. म्हणून तेलात थोडे पाणी मिसळून ढवळतात. फॉस्फोलिपिड पाणी शोषून फुगतात, जड होतात आणि वेगळी काढता येतात. हा डिंकासारखा चोथा वाळवला की झाले लेसिथिन. १९२० च्या दशकात जर्मनीत, विशेषतः हॅम्बुर्गच्या तेल गिरण्यांत, या टाकाऊ गाळाचा व्यापारी माल बनला. त्यातले उरलेसुरले तेल अॅसिटोनने धुऊन काढले की ड्रोगिस्टकडे मिळणारे कोरडे दाणे तयार होतात.

आपल्याकडे ज्यांनी लातूर, अकोला, वाशीम भाग पाहिला आहे त्यांना सोयाबीन सांगायला नको. भारतात मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन राज्ये या पिकात आघाडीवर आहेत आणि लातूरच्या बाजार समितीतला भाव सगळा मराठवाडा पाहत असतो. भारतात जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही. युरोपीय संघात अशा सोयाबीनचे लेसिथिन वापरल्यास २००३ च्या नियमांप्रमाणे वेष्टनावर तसे छापावे लागते आणि गिऱ्हाईक ते पाहून बिचकते. त्यामुळे भारतीय लेसिथिनला इथे मागणी असते. सकाळी पावावर मुले जे हाखेलस्लाख, म्हणजे चॉकलेटच्या काड्या, भुरभुरवतात, त्यात आपल्या मुलखातल्या सोयाबीनचा अंश असणे अगदीच अशक्य नाही.

वेष्टनावर हे ‘एमुलगाटोर : लेसिथिन’ किंवा ‘ई ३२२’ असे लिहिलेले असते. शाकाहारी मंडळी याबद्दल हमखास विचारतात. ई ३२२ सोयाबीनचे, सूर्यफुलाचे, मोहरीवर्गातल्या रेपसीडचे किंवा क्वचित अंड्याचे असू शकते. सोया आणि अंडे हे दोन्ही युरोपात ज्यांची नोंद सक्तीची आहे अशा चौदा अॅलर्जीकारक पदार्थांत येतात. म्हणून कंसात ‘सोया’ किंवा ‘आय’ (म्हणजे अंडे) हा शब्द ठळक अक्षरांत शोधावा; ‘झोनेब्लूम’ म्हणजे सूर्यफूल. अन्नातला मिश्रक म्हणून ते निर्धोक आहे का, याची फेरतपासणी युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये केली आणि दैनंदिन मर्यादेचा आकडा ठरवण्याची गरज नाही असा निर्वाळा दिला. भीतीचे कारण नाही, एवढे निश्चित. पण भीती नसणे आणि गुण येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साबणाची उपमा आणि आतड्याचे उत्तर

लेसिथिनने कोलेस्टेरॉल उतरते ही कल्पना आली कुठून? स्वयंपाकघरातून, असे म्हटले तरी चालेल. भांड्याचा तुपकटपणा जसा साबणाने सुटतो, तसा रक्तवाहिन्यांत साचलेला मेद लेसिथिनने सुटत असणार, असा हा तर्क. ऐकताक्षणी पटतो, म्हणूनच तो इतकी वर्षे टिकला.

पण भांडे आणि शरीर यांच्या मध्ये आतडे आहे. गिळलेले लेसिथिन जसेच्या तसे रक्तात जात नाही. लहान आतड्यात स्वादुपिंडाचे पाचकरस त्याची एक शेपटी तोडतात, तुकडे आतड्याच्या अस्तरात शोषले जातात, तिथे त्यांची पुन्हा जुळणी होते आणि इतर स्निग्ध पदार्थांच्या सोबत ते रक्तात पोहोचतात. तेल, तूप, दाण्याचे कूट यांचे जे होते, थोड्याफार फरकाने तेच याचे होते. शिवाय आपले यकृत स्वतःच फॉस्फॅटिडिलकोलीन तयार करून रोज पित्तावाटे आतड्यात ओतत असते. त्याचे प्रमाण दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास असते. त्या प्रवाहात एक ग्रॅमची कॅप्सूल म्हणजे भरल्या आडात आणखी एक तांब्या.

तर्काने खोडलेले पुरेसे नाही, प्रयोग काय सांगतात तेही पाहायला हवे. यासाठी आपल्याला लांब जायला नको. आर्नहेमच्या पश्चिमेला, ऱ्हाईनच्याच काठी, पंधरा-वीस किलोमीटरवर वागेनिंगेन आहे. तिथल्या कृषी विद्यापीठातील आहारशास्त्रज्ञ मार्टिन कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल यांवर तोपर्यंत झालेले प्रयोग एकेक करून तपासले. बहुतेकांत तुलनेसाठी योग्य दुसरा गटच नव्हता. काहींत लोकांनी लेसिथिनबरोबर बाकीचा आहारही बदललेला होता. काहींत आकडे मांडण्याची पद्धतच सदोष होती. जिथे थोडी घट खरोखर दिसली, तिथे ती लेसिथिनमधल्या लिनोलेइक आम्लाने समजावता येत होती. हे आम्ल सोयाबीनच्या किंवा सूर्यफुलाच्या साध्या तेलातही भरपूर असते. लेसिथिनचा म्हणून वेगळा असा गुण त्यांना सापडला नाही.

याच्या शेजारी स्टॅटिन वर्गाच्या गोळ्या ठेवून पाहा. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत वीस हजारांहून अधिक माणसे होती. निम्म्यांना रोज ४० मिलिग्रॅम सिमव्हास्टॅटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, असे सुमारे पाच वर्षे चालले. औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात यांचे प्रमाण जवळपास चौथ्या हिश्श्याने कमी झाले. या गोळ्यांचे दुष्परिणाम असतात, स्नायू दुखतात, सगळ्यांना त्या मानवतातच असे नाही. तसे झाले तर डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा दुसरी गोळी देतात. पण त्यांच्या जागी लेसिथिन घेणे म्हणजे कुलूप काढून दाराला तोरण बांधण्यासारखे आहे.

आपल्या लोकांच्या बाबतीत हा मुद्दा जास्तच गंभीर आहे. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना हृदयविकार आणि मधुमेह युरोपीय लोकांपेक्षा कमी वयात आणि कमी वजनावर गाठतात. इथल्या डॉक्टरांनी हेग आणि अॅमस्टरडॅममधल्या सुरिनामी हिंदुस्तानी समाजात हे वर्षानुवर्षे पाहिले आहे. त्यामुळे हाउसआर्ट्सने गोळी सुचवली असेल तर ती ‘इथल्या गोऱ्यांच्या हिशोबाने’ दिलेली आहे असे मानून टाळू नये. हिशोब आपल्या बाजूने झुकलेला नाही, उलटच आहे.

स्मरणशक्ती आणि वजन

दुसरी ख्याती स्मरणशक्तीची. मेंदूतले निरोप पोहोचवणाऱ्या द्रव्यांपैकी अॅसिटिलकोलीन हे एक. अल्झायमरच्या विकारात ते कमी पडते असे १९७० च्या दशकात लक्षात आले. लेसिथिनमधून कोलीन मिळते, कोलीनपासून अॅसिटिलकोलीन बनते, मग लेसिथिन खाऊ घातले तर विस्मरण कमी होईल, अशी आशा निर्माण झाली. आशा रास्त होती आणि डॉक्टरांनी ती प्रामाणिकपणे तपासली. २००३ मध्ये कोक्रेन या संस्थेने सगळ्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना लेसिथिनचा उपयोग होतो असे त्यातून दिसले नाही. ज्या घरात आजी-आजोबा नातवंडांची नावे विसरू लागले आहेत, तिथे हे वाचून वाईट वाटेल. तरीही डब्यावर महिने घालवण्याऐवजी तपासणी लवकर करून घेणे हिताचे. विस्मरणामागे थायरॉईडचा दोष, ब-१२ ची कमतरता किंवा उदासीनता असू शकते आणि त्यांवर इलाज आहे. ब-१२ ची कमतरता तर आपल्या शाकाहारी घरांत वारंवार आढळते.

वजनाबद्दल फार लिहायला नको. लेसिथिन हा स्निग्ध पदार्थ आहे. दहा ग्रॅम दाण्यांतून सत्तर-पंचाहत्तर कॅलरी मिळतात. वजन उतरवण्यासाठी रोज दोन चमचे तूप जास्त खा, असे कोणी सांगितले तर आपण हसू. हेही जवळपास तसेच आहे.

मग खरे काय उरते?

उरते ते कोलीन, आणि ते कमी महत्त्वाचे नाही. इन्शुलिनच्या शोधात सहभागी असलेले कॅनडाचे चार्ल्स बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले की कोलीन न मिळाल्यास प्राण्यांच्या यकृतात चरबी साठते. माणसालाही ते आहारातून लागते हे १९९१ मध्ये अमेरिकेत स्टीव्हन झायझेल यांच्या गटाने सिद्ध केले. निरोगी पुरुषांना तीन आठवडे कोलीनविरहित आहार दिला तेव्हा त्यांच्या रक्तात यकृताला इजा झाल्याच्या खुणा दिसू लागल्या. १९९८ पासून अमेरिकेत कोलीनचे प्रमाण अधिकृतपणे सांगितले जाते. युरोपीय संस्थेने २०१६ मध्ये प्रौढांसाठी रोज ४००, गर्भवतींसाठी ४८० आणि स्तनदा मातांसाठी ५२० मिलिग्रॅम असे आकडे दिले. शरीर थोडे कोलीन स्वतः बनवते आणि त्या कामी स्त्री-संप्रेरकांची मदत होते. म्हणून रजोनिवृत्तीनंतर बायकांना आहारातल्या कोलीनची गरज अधिक भासू शकते.

आता डब्याचा हिशोब करू. दाण्यांत साधारण पाव हिस्सा फॉस्फॅटिडिलकोलीन असते आणि त्याच्या वजनाच्या सुमारे १३ टक्के कोलीन. म्हणजे दहा ग्रॅम, साधारण एक मोठा चमचाभर, दाण्यांतून ३०० मिलिग्रॅमच्या आसपास कोलीन मिळते. कॅप्सूलची गोष्ट वेगळी. १२०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमधून जेमतेम २५ ते ३५ मिलिग्रॅम. एका उकडलेल्या अंड्यात सुमारे १४७ मिलिग्रॅम असते. अर्धी वाटीच्या आसपास भाजलेल्या सोयाबीनमधून १०० च्या वर, तेवढ्याच शिजवलेल्या राजम्यातून ४५, पेलाभर दुधातून ४०-४५, अर्धी वाटी फ्लॉवर किंवा मटारमधून २४ च्या आसपास. एक कॅप्सूल म्हणजे अर्धी वाटी फ्लॉवरची भाजी. फरक इतकाच की भाजीबरोबर पोळीही जाते.

ज्यांच्या घरी अंडी, मासे, मटण चालते त्यांना कोलीनसाठी डबा आणायचे कारण नाही. अंडेही न खाणाऱ्यांनी, विशेषतः गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, दूध, डाळी, उसळी, सोयाबीन आणि दाणे रोजच्या जेवणात आहेत ना हे पाहावे. तेवढे जमत नसेल तर चमचाभर दाणे दह्यात किंवा सकाळच्या ओटच्या खिरीत घालायला हरकत नाही. माझ्या मते लेसिथिनचा सगळ्यात सरळ उपयोग हाच आहे. अंगावर पाजताना दुधाच्या गाठी वारंवार होत असतील तर दिवसाला ५ ते १० ग्रॅम सोया किंवा सूर्यफुलाचे लेसिथिन घेऊन पाहता येईल, असे स्तनपानविषयक वैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. त्यामागचा पुरावा भक्कम नाही, पण बाळ-बाळंतिणीला अपाय होण्याची भीतीही फारशी नाही. ताप आला, स्तन लाल झाला तर मात्र थांबू नये, दाई किंवा डॉक्टरला लगेच सांगावे.

‘यकृताचे कार्य सामान्य राखण्यास मदत’ हे वाक्य कोलीनबद्दल छापायला युरोपात २०१२ पासून परवानगी आहे. त्यातला ‘सामान्य’ हा शब्द वाचून पुढे जावे. यकृतावर चढलेली चरबी उतरते, असे ते वाक्य म्हणत नाही.

काही सावधगिरी

सोयाची अॅलर्जी असलेल्यांपैकी बहुतेकांना लेसिथिन बाधत नाही, कारण त्यात प्रथिन अगदी थोडे उरते. तरी मुलाला तीव्र अॅलर्जी असेल तर स्वतःच्या अंदाजावर जाऊ नये. जास्त मात्रेने मळमळ आणि जुलाब होतात. कोलीन फारच झाले तर घामाला माशासारखा वास येतो. प्रौढांसाठी कमाल मर्यादा दिवसाला साडेतीन ग्रॅम कोलीन अशी सांगितलेली आहे. आणखी एक धागा अलीकडचा आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की आतड्यातले जंतू लेसिथिनमधल्या कोलीनपासून एक द्रव्य बनवतात, यकृत त्याचे टीएमएओ नावाच्या संयुगात रूपांतर करते, आणि ते रक्तात जास्त असलेल्यांना हृदयविकाराचा धोकाही जास्त दिसतो. हे संयुग विकाराचे कारण आहे की नुसती खूण, यावर वाद चालू आहे. पण हृदयासाठी म्हणून वाटीवाटीने लेसिथिन खाणाऱ्याने एवढे ऐकलेले असावे.

सोया प्रथिन आणि सोया लेसिथिन यांची गल्लतही होते. १९९९ मध्ये अमेरिकेने हृदयविकाराच्या संदर्भात ज्याचे कौतुक छापायची मुभा दिली ते सोया प्रथिन, रोज २५ ग्रॅम. २०१७ मध्ये तिथल्याच खात्याने ती मुभा काढून घेण्याचा प्रस्ताव मांडला. लेसिथिनचा त्याच्याशी संबंध नव्हता.

तेव्हा घरात डबा असेल तर टाकून देऊ नका; दह्यात घालून संपवा. हाउसआर्ट्सकडे जाल तेव्हा घेत असलेल्या सगळ्या पूरक गोष्टींची यादी न संकोचता सांगा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच. भारतातून आलेल्या वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांची पाकिटे एकदा आपणच मोजून पाहा. जितके दिवस झाले तितक्या गोळ्या संपल्या आहेत का, एवढे पाहायला पाच मिनिटे लागतात. त्या संपलेल्या नसतील तर रागावू नका. शेजारी बसून कारण विचारा. गोळीने पाय दुखतात, की कोणी काही सांगितले, की रोजच्या गोळीने आपण आजारी आहोत असे वाटते? या तिन्हींना डॉक्टरकडे उत्तर असते. डब्याकडे नसते.